ताण देताना पाय अडतो कुठे: स्नायूत की मज्जारज्जूत?

पाऊलवाट

हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंच्या लवचिकतेबद्दल विचारायचं आहे. पाठीवर झोपायचं, गुडघा सरळ ठेवायचा, तळव्याला पट्टा अडकवून पाय वर ओढायचा आणि ३० सेकंद धरायचा, असं तीन वेळा. पहिल्या खेपेला पाय ७० अंशांवर अडतो, तिसऱ्या खेपेला ८० पर्यंत जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ७०. दोन मिनिटांत स्नायू लांब झाला आणि रात्रीतून आखूड झाला, हे काही पटत नाही. म्हणून हे प्रश्न:

१. ताणलेला स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने उलट आवळतो म्हणतात. मग हळू ताणलं तरी तीच क्रिया आडवी येते का?
२. ३० सेकंदांनंतर कंडरेतला (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीतला) गोल्जी अवयव जागा होतो आणि स्नायूला सैल सोडतो, हे जवळपास प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. यात तथ्य किती?
३. आधी आवळून मग ताणायच्या पद्धतीत जोर किती लावायचा आणि किती सेकंद?
४. पाय वर असताना पाऊल स्वतःकडे वळवलं की गुडघ्यामागे तार ओढल्यासारखं होतं. हा स्नायूचाच ताण का?

मज्जारज्जू

पहिल्या प्रश्नाला थोडं सविस्तर उत्तर देतो, कारण तो नीट कळला की बाकीचे निम्मे सुटतात.

स्नायूच्या मांसल भागात, जाड तंतूंच्या बाजूबाजूने, काही मिलिमीटर लांबीचे चातीसारखे अवयव असतात. त्यांना मसल स्पिंडल म्हणतात. प्रत्येकाच्या आत मोजके बारीक तंतू आणि त्यांच्या मध्यभागी गुंडाळलेली संवेदी टोकं. स्नायू ताणला की स्पिंडलही ताणला जातो आणि मज्जारज्जूला संदेश जातो. हे संदेश दोन प्रकारचे. पहिल्या प्रकारची टोकं लांबीही सांगतात आणि ती किती वेगाने वाढते आहे तेही सांगतात. दुसऱ्या प्रकारची टोकं मुख्यतः लांबीच सांगतात. तुमच्या प्रश्नाचं मर्म या वेगाच्या बातमीत आहे.

गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारली की पाय उडतो, तेव्हा मांडीपुढचा स्नायू अगदी थोडासाच ताणला जातो, पण झटक्यात. स्पिंडलचा संदेश मज्जारज्जूत जाऊन एकाच जोडावर थेट स्नायू हलवणाऱ्या पेशीला भिडतो आणि २० ते ३० मिलिसेकंदांत स्नायूत विद्युत हालचाल दिसू लागते. मेंदूला विचारायला वेळच नसतो. लिडेल आणि शेरिंग्टन यांनी १९२४ साली ताणाला मिळणाऱ्या या प्रतिसादाचं बारकाईने वर्णन केलं. शेरिंग्टन यांना पुढे १९३२ चं नोबेल एड्रियन यांच्यासोबत मिळालं.

आता हाच स्नायू सावकाश ताणा. पाय वर न्यायला ५ ते ६ सेकंद घ्या. वेगाची बातमी जवळजवळ नसतेच, लांबीची बातमी जाते, पण शांत बसलेल्या निरोगी माणसात तेवढ्याने स्नायू आवळत नाही. सावकाश ताण देताना त्वचेवर इलेक्ट्रोड लावून मोजलं तर हॅमस्ट्रिंग जवळपास मूक असतो. तरीही पाय ७० वर अडतो. म्हणजे तुमच्या संथ व्यायामात अडसर प्रतिक्षिप्त क्रियेचा नाही. ती आडवी येते ती हिसके देऊन, उसळ्या मारत ताणताना. प्रत्येक हिसक्याला स्पिंडल पेटतो आणि लांब होणाऱ्या स्नायूलाच आवळायचा हुकूम सुटतो.

इथे एक बारकावा आहे. स्पिंडल किती हळवा असावा हे मज्जासंस्था स्वतः ठरवते. त्याच्या आतल्या तंतूंना गॅमा चेतापेशी आवळून धरतात. त्या आवळपणाने मधला संवेदी भाग आधीच ताणलेला राहतो आणि थोड्याशा लांबीनेही ओरडतो. थंडीने कुडकुडत असाल, श्वास रोखून धरला असेल, तोल जाण्याची भीती असेल, दुखण्याची धास्ती असेल, तर स्नायूंचा मूळचाच आवळपणा जास्त राहतो आणि सगळीच यंत्रणा सावध होते. उभं राहून पाय उंच कठड्यावर टाकून ताणणं नवख्याला जमत नाही त्यामागे हेही आहे. तोल सांभाळायला तोच स्नायू राबत असतो आणि त्यालाच आपण सैल हो म्हणतो. पाठीवर झोपून केलं तर तोलाचा प्रश्नच मिटतो, म्हणून तुमची निवड योग्य आहे.

मग ७० वरून ८० कसं झालं? तीन गोष्टी एकाच वेळी घडतात आणि त्यांचं वजन सारखं नाही.

एक, स्नायू आणि त्याभोवतीचं आवरण चिकट-स्थितिस्थापक असतं. एका कोनावर धरून ठेवलं की विरोध हळूहळू कमी होतो, त्यातला मोठा वाटा पहिल्या १५-२० सेकंदांत. सोडल्यावर हा परिणाम साधारण तासाभरात ओसरतो. दोन, ताण धरलेला असेपर्यंत मज्जारज्जूची उत्तेजनशीलता खाली येते. पोटरीच्या स्नायूवर एच-रिफ्लेक्सने (नसेला विजेचा हलका झटका देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजायची रीत) हे मोजता येतं आणि सोडल्यावर ती लवकरच पूर्ववत होते. तीन, आणि हीच सगळ्यात वजनदार, मेंदू ताणाची संवेदना सहन करायला तयार होतो. त्याच कोनावर स्नायूचा विरोध आधीइतकाच मोजला जातो, पण माणूस 'पुरे' म्हणतो ते जास्त कोनावर आणि जास्त ओढीवर. ३ ते ८ आठवड्यांच्या नेहमीच्या स्ट्रेचिंगनंतर मोजमापं घेतली तेव्हाही बहुतेकदा हेच आढळलं: वाढलेला कोन मुख्यतः सहनशक्तीचा होता, मऊ पडलेल्या स्नायूचा नव्हे. एकाच पायाला ताण दिला तरी दुसऱ्या पायाचा कोन थोडा वाढतो, हेही त्याच दिशेला बोट दाखवतं. त्या पायाच्या स्नायूला तर कुणी हातही लावलेला नसतो.

स्नायू खरोखर लांब होतो तो वेगळ्या वाटेने. त्याच्या तंतूंत सारकोमिअर नावाचे एकक एकापुढे एक जोडलेले असतात. १९७२ साली मांजरांवर झालेल्या प्रयोगात पाय प्लास्टरमध्ये ४ आठवडे ठेवले. स्नायू लांब स्थितीत ठेवला तेव्हा एकक सुमारे २० टक्के वाढले, आखूड स्थितीत ठेवला तेव्हा सुमारे ४० टक्के घटले, आणि प्लास्टर काढल्यावर पुन्हा पूर्वीइतके झाले. २४ तास चार आठवडे, असा तो डोस होता. दिवसाच्या दीड मिनिटाकडून तसल्या बदलाची अपेक्षा धरू नका.

सकाळी पुन्हा ७० का, याचं उत्तर यातच आहे. पहिले दोन परिणाम रात्री कधीच विरलेले असतात. तिसरा टिकाऊ आहे, पण तो आठवड्यांच्या सरावाने साठतो, एका संध्याकाळी नाही.

आकुंचन

गोल्जीची गोष्ट इतकी सुटसुटीत आहे की ती सोडवत नाही, पण ती तशी नाही.

कामिल्लो गोल्जी यांनी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात वर्णन केलेला हा अवयव स्नायू आणि कंडरा यांच्या सांध्यावर असतो, सुमारे १ मिलिमीटर लांब. स्पिंडल तंतूंना समांतर, तर हा त्यांच्या ओळीत, दोरीच्या गाठीसारखा. त्यामुळे तो लांबी न मोजता ओढ मोजतो. स्वतः आवळलेल्या स्नायूची ओढ त्याला फार बारीक कळते, अगदी मोजक्या तंतूंनी जोर लावला तरी तो बोलतो. बाहेरून सैल स्नायू ताणला तर मात्र लांबीचा मोठा हिस्सा मांसल भागच सोसतो आणि गोल्जीला फारसं काही जाणवत नाही. ३० सेकंदांनी त्याचं बटण दाबलं जातं याला आधार नाही.

अतिभार आला की स्नायूचा वीजपुरवठा तोडणारा फ्यूज, हे चित्रही जुनं आहे. तो कमी ओढीवरही सतत संदेश पाठवत असतो, आणि चालताना तर त्याचा परिणाम उलटून आधार देणाऱ्या स्नायूला बळ देणाराही होऊ शकतो. आवळून सोडल्यावर त्याच्यामुळे येणारा अटकाव आकुंचन संपताच फार थोड्या वेळात मावळतो. पुढे २० सेकंद पाय जास्त वर जातो तो त्या अटकावाच्या जोरावर नाही.

पण आधी आवळून मग ताणायची पद्धत चालते. हर्मन कॅबट यांनी १९४० च्या दशकात पुनर्वसनासाठी ती रचायला घेतली, आज पीएनएफ म्हणून ओळखली जाते. का चालते याचं बरंचसं उत्तर वर मज्जारज्जू या सदस्यांनी दिलंय: सहनशक्ती. लांब स्थितीत स्वतः जोर लावून पाहिलं आणि काही फाटलं नाही, हा पुरावा मेंदूला पटतो.

आता हात घालू या. पट्टा टाचेच्या बाजूला, चवड्याखाली सरकलेला नको, नाहीतर पोटरीवर ताण येईल आणि कोन चुकेल. दुसरा पाय जमिनीवर सरळ.

पाय सावकाश वर न्या, ताण १० पैकी ६ वाटेल तिथे थांबा, १० सेकंद. मग टाच जमिनीकडे दाबायचा प्रयत्न करा, पट्टा तसाच घट्ट धरून, म्हणजे पाय जागचा हलणार नाही. जोर पूर्ण ताकदीच्या पाचव्या हिश्शाइतकाच, ५ सेकंद. सोडा. सोडताना लगेच ओढू नका, एक लांब श्वास बाहेर टाका, त्यातच पाय आपसूक बोटभर सैल होतो, तेवढीच ढील पट्ट्याने गोळा करा. नव्या कोनावर २० सेकंद. असे ३ फेरे, एका पायाला.

पूर्ण ताकदीने दाबण्याची गरज नाही. तुलना केली तेव्हा २० टक्के जोराने १०० टक्क्यांइतकाच कोन मिळाला. शिवाय लांब स्थितीत सगळा जोर लावला की हॅमस्ट्रिंगला पेटका येतो, बसायच्या हाडापाशी कंडरा चिडते, आणि माणूस नकळत श्वास कोंडतो.

काय बिघडतंय ते बघायला आरसा नको. जबडा आवळलाय का? पट्टा धरलेले खांदे कानाकडे चढलेत का? मांडी थरथरतेय का? तिन्हीपैकी एक जरी असेल तर ओढ जास्त आहे, दोन अंश खाली या. अंशही फुकटचे मिळतात, त्याकडे लक्ष ठेवा: कंबरेचा खालचा भाग जमिनीत दबला आणि माकडहाड उचललं, की पाय वर गेलेला दिसतो पण गेलंय ओटीपोट. आडवा पाय जमिनीवरून उठू लागला की समजा कोन खोटा आहे. गुडघा पाच-दहा अंश वाकू देणं ही तिसरी पळवाट.

आणखी एक फेरा जोडता येतो. कोन मिळाल्यावर पट्टा सैल सोडा आणि मांडीपुढच्या स्नायूंनी पाय तिथेच ५ सेकंद धरा. पुढचा स्नायू आवळला की त्याच्याच स्पिंडलकडून मज्जारज्जूतल्या एका मधल्या पेशीमार्फत मागच्याला सैल राहण्याचा संदेश जातो. माझ्या मते याचा मोठा फायदा तो नाही. पट्ट्याने ८० आणि स्वतःच्या ताकदीने ६०, ही २० अंशांची दरी बुजवायला हेच लागतं. पळताना, लाथ मारताना पट्टा नसतो.

चेतातंतू

चौथ्या प्रश्नावर थांबा, कारण तिथे चूक महागात पडते.

नितंबातून निघून मांडीच्या मागून गुडघ्यामागे आणि पुढे पावलापर्यंत जाणारी सायटिक नस आणि तिच्या शाखा हॅमस्ट्रिंगच्या शेजारूनच जातात. पाय सरळ वर केला की दोन्ही ताणले जातात. ओळखायचं कसं? पाय तार ओढल्यासारखं वाटेल त्या कोनावर ठेवा, कंबर आणि गुडघा अजिबात हलवू नका. आता फक्त पाऊल स्वतःकडे वळवा. हॅमस्ट्रिंग घोट्यापर्यंत जात नाही, त्यामुळे घोटा हलवून त्याची लांबी बदलत नाही. पोटरी मात्र गुडघ्याच्या वरून सुरू होते, म्हणून पोटरीतला ताण वाढला तर तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. खूण दुसरी आहे: आता पाऊल तसंच ठेवून हनुवटी छातीकडे न्या. मान आणि मांडीमागचा स्नायू यांना जोडणारा स्नायू नाही, पण मज्जारज्जूचं आवरण आणि नसा सलग आहेत. मान वाकवल्यावर गुडघ्यामागची ओढ वाढली आणि मान मागे नेल्यावर कमी झाली, तर त्यात नसेचा वाटा आहे. बारीक, तिखट, रेघेसारखी संवेदना, मुंग्या, तळव्यापर्यंत धावणारी चुणचुण या नसेच्या बाजूच्या. स्नायूचा ताण पसरट आणि बोथट असतो, मांडीच्या मध्यावर.

नस ३० सेकंद ओढून धरायची वस्तू नाही. सशांवरच्या प्रयोगात नस ८ टक्क्यांच्या आसपास लांबवली की तिच्यातला रक्तप्रवाह मंदावू लागला आणि १५ टक्क्यांच्या आसपास थांबला. माणूस इतका ओढत नाही, पण तार वाटत असताना रोज ओढत राहिलं की नस चिडते आणि मेंदू पुढच्या वेळी आणखी लवकर ब्रेक लावतो. लोक म्हणतात रोज करतो तरी कमीच होतंय, त्यातले कित्येक इथे अडकलेले असतात.

उपाय नसेला सरकू देण्याचा. खुर्चीच्या कडेला बसा, पाठ किंचित गोल, हात मागे टेकलेले. एक पाय सरळ करा, पाऊल स्वतःकडे, आणि त्याच वेळी मान वर, छताकडे. मग गुडघा वाकवताना मान खाली. एक टोक ओढलं जातं तेव्हा दुसरं सैल असतं, त्यामुळे नस ओढ न वाढता मागेपुढे सरकते. एका बाजूला १० ते १५ वेळा, संथ, दोन फेरे. तार वाटू लागेल त्याच्या अलीकडेच परत फिरायचं, इथे ३ च्या वर ताण नको. आठ-दहा दिवसांनी पट्ट्याचा व्यायाम पाऊल सैल सोडून सुरू करा.

पाय बधिर होणं, पाऊल उचलताना चवडा खाली पडणं, गुदाभोवतीची किंवा जांघेतली संवेदना जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम बंद आणि लगेच डॉक्टर. शेवटच्या दोन गोष्टींसाठी सकाळ उजाडण्याची वाटही बघू नका.

पाऊलवाट

धन्यवाद. मान वाकवून पाहिलं, ओढ स्पष्ट वाढते, म्हणजे काही काळ खुर्चीचा व्यायाम. दोन गोष्टी राहिल्या. एकूण किती द्यायचं, आणि पळण्याआधी करायचं की नंतर?

मज्जारज्जू

एका स्नायूला आठवड्याला किमान ५ मिनिटं. दीड मिनिटाचे चार दिवस सहज पुरतात. एका दिवशी २० मिनिटं आणि सहा दिवस सुट्टी हे तेवढं चालत नाही, कारण सहनशक्ती वारंवार भेटीने वाढते. एका धरण्याला ३० सेकंद पुरे. १५ कमी पडतात आणि ६० ने ३० पेक्षा खास जास्त काही मिळत नाही.

पळण्याआधी स्थिर ताण द्यायचाच असेल तर एका स्नायूला एकूण ६० सेकंदांच्या आत ठेवा आणि नंतर ५ ते १० मिनिटं हालचालीचा सराव करा: पाय झुलवणं, गुडघे उंच उचलत चालणं, वेग वाढवत छोट्या धावा. मिनिटाच्या वर सलग ताण दिला आणि लगेच जोर मागितला तर ताकद सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास घसरते. त्यात मोठा हिस्सा मज्जासंस्थेचा आहे, स्नायूला मिळणारा हुकूमच थोडा वेळ क्षीण असतो. रोजच्या संथ पळण्यात हे जाणवणार नाही, शंभर मीटरला किंवा उडीला जाणवेल.

आकुंचन

यात वजनाचा व्यायाम जोडा, माझ्या दृष्टीने तोच कोन टिकवतो. पूर्ण पल्ल्यातून केलेला ताकदीचा व्यायाम लवचिकता जवळपास स्ट्रेचिंगइतकीच वाढवतो, वर त्या कोनावर ताकदही देतो. रोमानियन डेडलिफ्ट घ्या: गुडघे किंचित वाकलेले आणि तसेच अडकवलेले, कंबरेच्या सांध्यातून पुढे, वजन मांडीला घासत खाली, खाली जायला ३ सेकंद, पाठ गोल होऊ लागेल त्याच्या दोन बोटं आधी १ सेकंद थांबून वर. ८ ते १० वेळा, ३ फेरे, आठवड्यातून दोनदा. पहिल्या दोन आठवड्यांत अगदी हलकं वजन, कारण लांब होत होत जोर धरणारा स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सणकून दुखतो. त्या दुखण्यात पट्ट्याचा ताण देऊ नका, तेव्हाचा आखडलेपणा सुजेचा आणि संरक्षणाचा असतो.

नसेची ओढ असेपर्यंत मात्र हे थांबवा, आणि सुरू कराल तेव्हा मान पाठीच्या रेषेत ठेवा, हनुवटी छातीला लावून वाकू नका.

चेतातंतू

मोजायचं असेल तर दर दोन आठवड्यांनी, त्याच वेळी, ताण देण्याआधी. सकाळी उठल्या उठल्या मोजू नका, रात्रभर पाण्याने फुगलेल्या मणक्यांमधल्या चकत्यांमुळे कंबर तेव्हा मुळातच ताठ असते. फोन नडगीवर ठेवून त्यातलं कोन मोजायचं साधन वापरा, गुडघ्याखाली चार बोटं, दर वेळी तीच जागा. दोन आकडे लिहा: पट्ट्याने किती आणि पट्टा न वापरता किती. आणि तिसरं, मान वाकवल्यावर ओढ अजून वाढते का, हो की नाही.

पाऊलवाट

पट्ट्याने ७२, स्वतःहून ५५, मान: हो. दोन आठवड्यांनी इथेच लिहितो.